आधी हाताला काम, मग वर्गात शांतता : उस्ताद डॉ. झाकीर हुसेन यांची कहाणी

भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून डॉ. झाकीर हुसेन यांचं नाव आपल्या घराघरात माहीत आहे. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती कोण, हा प्रश्न हमखास असतो आणि मुलं त्याचं उत्तर पाठ करतात. पण राष्ट्रपती भवनात ते दोन वर्षंही पूर्ण राहिले नाहीत. त्याआधीची २२ वर्षं मात्र त्यांनी दिल्लीच्या एका गरीब संस्थेत काढली. तिथे पगार वेळेवर मिळत नसे, इमारत भाड्याची होती आणि लहान मुलांचा दंगा ऐन कामाच्या वेळी कानावर येत असे. ती संस्था म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामिया. झाकीर साहेबांची खरी ओळख तिथली आहे. ते मुळात उस्ताद होते.

आज त्यांची ही बाजू सांगायला एक कारण आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आणि मुलं डी.एड., बी.एड. करतात. छात्राध्यापक म्हणून त्यांना सरावासाठी एखाद्या प्राथमिक शाळेत पाठवलं जातं. पाठ टाचण छान लिहिलेलं असतं, रंगीत तक्ते तयार असतात, आणि तिसरीच्या वर्गात पाऊल टाकताच सगळं विसरायला होतं. एक मुलगा बाकावर उभा असतो, दोघं पेन्सिलीवरून भांडत असतात, मागच्या रांगेत कुणीतरी डबा उघडलेला असतो. पाठातली निम्मी मिनिटं गप्प बसा, गप्प बसा म्हणण्यातच जातात. मग कुणीतरी जुने सर सल्ला देतात की पहिल्या दिवशीच छडी दाखवायची, म्हणजे वर्ष नीट जातं.

मुलं चुळबुळ का करतात आणि त्यावर छडीशिवाय दुसरा काही इलाज आहे का, या प्रश्नावर झाकीर हुसेन यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं खर्च केली. त्यांनी नुसती भाषणं केली नाहीत. शाळा चालवून, उस्ताद तयार करून, हाल सोसून उत्तर शोधलं. त्यातलं बरंचसं आजही आपल्या कामाचं आहे.

यतीमपण आणि इटाव्याची शाळा

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादेत झाला. घराणं पठाणांचं. मूळ गाव उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातलं कायमगंज. वडील फिदा हुसेन खान हैदराबादला जाऊन वकील झाले होते आणि त्यांची वकिली चांगली चालत होती. घरात सात भाऊ होते. १९०७ मध्ये वडिलांचं निधन झालं, तेव्हा झाकीर दहा वर्षांचे होते. कुटुंब कायमगंजला परतलं. चारच वर्षांनी, १९११ मध्ये, प्लेगच्या साथीत आईही गेली.

आई गेली तेव्हा झाकीर इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये शिकत होते आणि वसतिगृहात राहत होते. शाळेचे हेडमास्तर सय्यद अल्ताफ हुसेन हे शिस्तीचे होते, पण मुलांवर जीव लावणारे होते. आईबाप नसलेल्या या मुलाला तिथे आधार मिळाला. तुर्कस्तानवर बाल्कन युद्धाचं संकट आलं, तेव्हा शाळेतली मुलं गावात फिरून चंदा गोळा करत. त्यात झाकीर पुढे असत. शिक्षक एखाद्या मुलाच्या आयुष्यात बापाची जागा घेऊ शकतो, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही. ते त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

इटाव्याहून ते अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात गेले. आधी डॉक्टर व्हायचं मनात होतं. त्यासाठी लखनऊलाही जाऊन आले, पण आजारपणामुळे तो नाद सोडावा लागला. पुन्हा अलीगढला येऊन त्यांनी १९१८ मध्ये बी.ए. केलं. पुढे अर्थशास्त्रात एम.ए. आणि जोडीला कायद्याचा अभ्यास सुरू केला. दरम्यान १९१५ मध्ये शाहजहां बेगम यांच्याशी त्यांचा निकाह झाला होता. कॉलेजात शिकवायची जबाबदारीही मिळू लागली होती. पुढचा रस्ता सरळ दिसत होता. चांगली नोकरी, चांगला पगार, इज्जत.

एका ऑक्टोबरने बदललेला रस्ता

ऑक्टोबर १९२० मध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू अलीगढला आले. खिलाफत आणि असहकाराचे ते दिवस होते. इंग्रज सरकारच्या मदतीवर चालणारं शिक्षण सोडा, असं आवाहन विद्यार्थ्यांना करण्यात आलं. बहुतेकांनी ऐकून सोडून दिलं. थोड्या जणांनी मनावर घेतलं. त्या थोड्यांमध्ये २३ वर्षांचे झाकीर हुसेन होते.

पण नुसतं कॉलेज सोडून काय होणार? सोडणाऱ्यांनी शिकायचं कुठे? म्हणून २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. हकीम अजमल खान पहिले अमीर-ए-जामिया झाले आणि मौलाना मोहम्मद अली जौहर पहिले शेख-उल-जामिया, म्हणजे कुलगुरू. सुरुवातीला तर वर्ग तंबूत भरत.

झाकीर साहेबांनी दोन वर्षं तिथे शिकवलं आणि १९२२ मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेले.

बर्लिनमध्ये काय शिकले?

बर्लिन विद्यापीठात त्यांनी वेर्नर सोम्बार्ट यांच्या हाताखाली अर्थशास्त्रात पीएच.डी. केली. विषय होता भारतातल्या ब्रिटिशांच्या शेतीविषयक धोरणाचा. पण डिग्रीपेक्षा जास्त महत्त्वाचं असं दुसरंही काही त्यांनी तिथून आणलं. जर्मनीत तेव्हा गेओर्ग केर्शेनस्टाइनर या शिक्षणतज्ज्ञाचे विचार गाजत होते. पुस्तक पाठ करण्याची शाळा बाजूला ठेवून काम करण्याची शाळा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे काम म्हणजे मजुरी नव्हे, हे नीट समजून घ्यायला हवं. झाकीर साहेबांनी ही कल्पना पुढे आयुष्यभर समजावून सांगितली. मुलाच्या हातून घडणारं प्रत्येक काम शिक्षण देतंच असं नाही. शिक्षण देणाऱ्या कामाचे चार टप्पे असतात. पहिला, काय करायचं आहे ते मुलाला स्वतःला कळलं पाहिजे. दुसरा, ते कसं करायचं याचा विचार त्यानेच केला पाहिजे. तिसरा, ते त्याने आपल्या हाताने पूर्ण केलं पाहिजे. आणि चौथा, झाल्यावर ते ठरवल्याप्रमाणे झालं का, कुठे चुकलं, हे त्याने स्वतः तपासलं पाहिजे. यातला एकही टप्पा गळला, तर मूल एक तर कंटाळतं किंवा यंत्रासारखं हात हलवत राहतं.

बर्लिनमध्ये त्यांनी स्वतःही हाताने काम केलं. तिथल्या काव्यानी छापखान्यातून त्यांनी दीवान-ए-गालिबची देखणी छोटी आवृत्ती काढली. त्यासाठी टाइपाची खिळे जुळणीही त्यांनी स्वतः शिकून केली. अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी छापखान्यात उभा राहून एकेक अक्षर लावत होता.

याच काळात मोहम्मद मुजीब आणि आबिद हुसेन हे दोन हुशार तरुणही जर्मनीत होते. जामिया बंद पडायला आली आहे, अशी बातमी आली. तरीही तिघांनी ठरवलं की परत जाऊन तिथेच काम करायचं. १९२६ मध्ये ते परतले. तोवर जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोल बागेत आली होती. २९ वर्षांचे डॉ. झाकीर हुसेन शेख-उल-जामिया झाले.

दीडशे रुपयांची शपथ

पद मोठं होतं, पण तिजोरी रिकामी. खिलाफत चळवळ संपली होती, चंदा आटला होता. हकीम अजमल खान स्वतःच्या खिशातून संस्था चालवत होते. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि तोही आधार गेला. संस्था बंद करावी असं म्हणणारे बरेच होते.

तेव्हा झाकीर साहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली नावाची संस्था उभी केली. तिच्या सदस्यांनी शपथ घेतली की २० वर्षं जामियाची सेवा करू आणि महिन्याला १५० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. प्रत्यक्षात तेवढेही कुणाला मिळत नसत. परदेशात शिकून आलेली ही माणसं बाहेर कितीतरी पट कमावू शकली असती. उधारीवर किराणा आणून त्यांनी दिवस काढले. पुढे हमदर्दान-ए-जामिया या नावाने साध्यासुध्या माणसांकडून थोडी थोडी मदत घेण्याची पद्धत सुरू झाली. एका नवाबाच्या मोठ्या देणगीपेक्षा हजारो घरांचा रुपया-दोन रुपये बरा, असा त्यामागचा विचार होता.

या हलाखीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पैसा नसताना माणूस आधी लहान मुलांची शाळा बंद करतो आणि कॉलेज वाचवतो, कारण नाव कॉलेजाचं होतं. झाकीर साहेबांनी उलट केलं. त्यांनी प्राथमिक शाळेला जामियाचा जीव मानलं.

दंगेखोर वर्गाला दुकान आणि बँक

जामियाच्या प्राथमिक शाळेची धुरा अब्दुल गफ्फार मुधोली यांच्याकडे होती. ते असामान्य शिक्षक होते. पुढे त्यांनीच जामियाची कहाणी पुस्तकरूपाने लिहिली. मुधोली साहेबांनी शाळेत प्रकल्प पद्धत आणली आणि झाकीर साहेब त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले.

प्रकल्प पद्धत म्हणजे काय, ते साध्या उदाहरणाने बघू. मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवायची आहे. एक मार्ग असा की फळ्यावर दहा गणितं लिहायची आणि पाटीवर सोडवा म्हणायचं. पाच मिनिटांत हुशार मुलांचं संपतं, ती दंगा करतात. ज्यांना येत नाही तीही दंगा करतात. दुसरा मार्ग असा की शाळेत मुलांचंच छोटं दुकान उघडायचं. पेन्सिल, वही, खाऊ ठेवायचा. माल कितीचा आणला, विकला कितीचा, उरला किती, हिशोब मुलांनी ठेवायचा. हिशोब चुकला तर मास्तर रागावण्याआधी दुकानाचा गल्लाच सांगतो की चुकलं.

जामियात मुलांचं दुकान होतं, मुलांची बँक होती, शाळेतल्या लहानमोठ्या कामांसाठी मुलांनीच चालवलेला कारभार होता. नाटकं होत, मेळे भरत. पयाम-ए-तालीम नावाचं मुलांचं मासिक निघे. घरून मिळालेले पैसे बँकेत ठेवायचे आणि लागतील तसे काढायचे, म्हणजे बचतही आली, लिहिणंही आलं आणि आकडेमोडही.

इथे शाळा शांत होती का? मुळीच नाही. कामाचा गलबला होता. पण कामाचा आवाज आणि रिकामपणाचा गोंधळ यात फरक असतो. नवीन शिक्षकाला सुरुवातीला तो ऐकू येत नाही. त्याला दोन्ही सारखेच वाटतात. ज्याने काही दिवस मुलांसोबत काम केलं आहे, त्याचा कान मात्र तयार होतो. दाराबाहेर उभं राहूनही त्याला कळतं की आतली मुलं कामात आहेत की मोकाट.

याच काळात बर्लिनमधली ओळख असलेली एक जर्मन यहुदी महिला, गेर्दा फिलिप्सबॉर्न, जामियात आल्या. जर्मनीत हिटलरची सत्ता येत होती. त्यांनी स्वतःला जामियाच्या सगळ्यात लहान मुलांना वाहून घेतलं. बालवाडी आणि छोट्या मुलांचं वसतिगृह त्या बघत. मुलांची नखं, केस, ताप, रडणं सगळं त्यांच्याकडे. मुलं त्यांना आपा जान म्हणत. १९४३ मध्ये त्यांचं निधन झालं आणि जामियाच्या कबरस्तानातच त्यांना दफन करण्यात आलं. झाकीर साहेबांच्या लेखी धर्म, देश, भाषा यांच्यापेक्षा मुलांवरची माया मोठी होती, हे यातून दिसतं.

फाटकाजवळ बसलेले कुलगुरू

जामियात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. झाकीर साहेबांना स्वच्छतेची फार आवड. मुलांनी बूट पॉलिश करून यावं, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलं काही मनावर घेत नव्हती. सूचना निघाली, पुन्हा निघाली, फरक शून्य. मग एका सकाळी मुलं आली, तर फाटकाजवळ पॉलिशची डबी आणि ब्रश घेऊन स्वतः शेख-उल-जामिया बसलेले. ज्याचे बूट मळके, त्याचे बूट पॉलिश करून द्यायला ते तयार होते. मुलांची मान खाली गेली. त्यानंतर सांगावं लागलं नाही.

ही गोष्ट आपण कौतुकाने ऐकतो आणि सोडून देतो. पण तिच्यातला मुद्दा बारीक आहे. ते मुलांना लाजवायला बसले असते, तर टोमणे मारले असते, चार जणांसमोर नावं घेतली असती. तसं त्यांनी केलं नाही. जे काम मुलांनी करावं असं त्यांना वाटत होतं, ते काम आपल्या दर्जापेक्षा खालचं नाही, हे त्यांनी करून दाखवलं. शिस्त लावणाऱ्याने ती आधी स्वतःला लावायची असते. मोबाईल बघत बघत मुलांना अभ्यासाला बसा म्हणणाऱ्या आपल्यासारख्या आईबापांनाही हे लागू पडतं.

दुसरा प्रसंग मन हेलावणारा आहे. प्राथमिक शाळेचा निकाल लागला होता आणि झाकीर साहेब मुलांना आपल्या हाताने मिठाई वाटत होते. त्यांची छोटी मुलगी रेहाना घरी आजारी होती. तेवढ्यात शिपाई आला आणि त्याने कानात सांगितलं की मुलगी गेली. झाकीर साहेबांचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. शेवटच्या मुलापर्यंत मिठाई वाटून झाली आणि मगच लोकांना कळलं की काय घडलं आहे. मुलांच्या खुशीचा दिवस त्यांना बिघडवायचा नव्हता. त्यांना दुःख झालं नाही असं कुणी समजू नये. रात्री एकांतात ते किती रडले, हे त्यांच्या घरच्यांनी पाहिलं होतं.

पुढे त्यांनी मुलांसाठी उर्दूत कथा लिहिल्या. अब्बू खां की बकरी ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. मासिकात या कथा छापताना त्यांनी लेखक म्हणून आपलं नाव दिलं नाही. रुकैया रेहाना हे नाव दिलं. गेलेल्या लेकीचं नाव त्यांनी असं जपलं.

वर्धा, १९३७

आता ही कहाणी आपल्या महाराष्ट्रात येते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष महात्मा गांधी होते. सात वर्षांचं मोफत शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि त्याच्या केंद्रस्थानी सूतकताईसारखा एखादा हस्तउद्योग, अशी त्यांची मांडणी होती. मुलांनी तयार केलेल्या वस्तूंतून शिक्षकांचा पगार निघावा, असंही त्यांना वाटत होतं.

गांधीजींसमोर उभं राहून मतभेद सांगणं सोपं नव्हतं. झाकीर साहेबांनी ते केलं. हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना त्यांना पूर्ण मान्य होती, ती तर त्यांची स्वतःचीच होती. पण ही कल्पना अगदी नवीन नाही, हे त्यांनी नम्रपणे सांगितलं. आणि एक धोका दाखवला. शाळेने कमाई करावी असं ठरलं, तर शिक्षक मुकादम होईल आणि मुलं वेठबिगार होतील. सूत किती निघालं हे मोजता मोजता मूल काय शिकलं, हे विसरलं जाईल.

गांधीजींचं मोठेपण असं की ज्याने आक्षेप घेतला, त्यालाच समितीचा अध्यक्ष केलं. विनोबा भावे, काकासाहेब कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, के. जी. सैयदैन, आशादेवी आणि आर्यनायकम अशी मंडळी त्या समितीत होती. २ डिसेंबर १९३७ ला, म्हणजे दीड महिन्याच्या आत, अहवाल तयार झाला. पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि त्याचं अध्यक्षपदही झाकीर साहेबांकडे आलं.

या अहवालातलं वेळापत्रक बघण्यासारखं आहे. रोजची शाळा साडेपाच तासांची. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तउद्योगाला. ४० मिनिटं संगीत, चित्रकला आणि गणिताला. ४० मिनिटं मातृभाषेला. ३० मिनिटं समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला. १० मिनिटं व्यायाम आणि १० मिनिटं सुट्टी. सुट्टी फक्त दहा मिनिटं का, असं वाटेल. पण दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ मूल हात चालवत असेल, तर त्याच्या अंगातली चुळबूळ कामातच जिरते. आपल्याकडे उलट असतं. मुलाला चार-पाच तास बाकावर बसवायचं, हात बांधायला लावायचे आणि मग ते हलतं म्हणून ओरडायचं.

एका वर्गात ३० पेक्षा जास्त मुलं नकोत, असंही समितीने सांगितलं होतं. आणि सगळ्यात जास्त भर दिला होता शिक्षकांच्या प्रशिक्षणावर. पूर्ण अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि तातडीची गरज म्हणून एक वर्षाचा छोटा अभ्यासक्रम. कारण ही पद्धत पुस्तक वाचून येणारी नव्हती. ज्याला स्वतःला सूत काढता येत नाही, वाफा तयार करता येत नाही, तो मुलांच्या हातातल्या कामातून गणित आणि विज्ञान कसं काढणार?

योजनेला आपल्याच समाजातून मोठा विरोध झाला. मुस्लिम लीगने त्यावर कडाडून टीका केली. धार्मिक शिक्षणाला त्यात जागा नाही, हा मुख्य आक्षेप होता. काँग्रेसचा माणूस म्हणून झाकीर साहेबांवर बोटं रोखली गेली. ज्या माणसाने मिल्लतच्या शिक्षणासाठी तारुण्य वाहिलं, त्याला हे ऐकावं लागलं. त्यांनी भांडण वाढवलं नाही. ते आपल्या शाळेच्या कामात राहिले.

उस्तादांची शाळा

१९३८ मध्ये जामियात शिक्षक प्रशिक्षणाची संस्था सुरू झाली. तिला उस्तादों का मदरसा म्हणत. तोवर जामियाच्या बहुतेक संस्था करोल बागेतून ओखल्याला आल्या होत्या. १ मार्च १९३५ रोजी ओखल्यात शाळेच्या इमारतीची पायाभरणी झाली होती आणि कोनशिला बसवली होती ती कुठल्या मंत्र्याने किंवा नवाबाने नाही, तर शाळेतल्या सगळ्यात लहान विद्यार्थ्याने.

नवे शिक्षक जिथे शिकत, तिथेच शेजारी मुलांची शाळा होती. म्हणजे शिकवण्याचा विचार आणि शिकवण्याचं काम एकाच आवारात.

चांगला उस्ताद कसा असावा, यावर झाकीर साहेब खूप बोलले आणि त्यांची शिक्षणावरची भाषणं उर्दूत पुस्तकरूपाने आली. त्यांचा सारांश आपल्या शब्दांत असा सांगता येईल. शिक्षकाकडे ज्ञान हवंच, पण त्याच्या स्वभावाचा पाया मायेचा असतो. तो मुलांवर राज्य करायला आलेला नसतो. हुकूमत करणाऱ्याला घाई असते, त्याला आज्ञापालन आत्ता हवं असतं. शिक्षकाला थांबता यावं लागतं. सत्ता असलेला माणूस समोरच्याला एका साच्यात घालू बघतो. उस्तादाचं काम मुलात जे दडलं आहे, ते ओळखून त्याला वाढू देण्याचं असतं. आणि एखाद्या मुलाबद्दल सगळ्यांनी आशा सोडली, तरी दोन माणसं सोडत नाहीत. एक त्याची आई आणि दुसरा चांगला शिक्षक.

हे ऐकायला गोड वाटतं, पण नव्या शिक्षकासाठी त्यात एक कठीण अट आहे. मायेने काम होतं, याचा अर्थ तयारीशिवाय काम होतं असा नाही. मुलांच्या हातात काम द्यायचं, तर त्याची तयारी छडी शोधण्यापेक्षा कितीतरी जास्त लागते. सामान मोजून ठेवावं लागतं. कोण कोणाजवळ बसेल ते ठरवावं लागतं. लवकर संपवणाऱ्याला पुढचं काम आणि मागे राहिलेल्याला सोबत द्यावी लागते. जामियातल्या उस्तादांनी ही मेहनत तुटपुंज्या पगारात केली.

फाळणीनंतर

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या. झाकीर साहेबांनी एकाच मंचावर जवाहरलाल नेहरू आणि मौलाना आझाद यांच्यासोबत मोहम्मद अली जिना आणि लियाकत अली खान यांनाही आणलं. या सगळ्यांना त्यांनी कळकळीने विनवलं की द्वेषाची ही आग विझवा, कारण अशा आगीत शाळा चालू शकत नाही. ते कुणी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४७ मध्ये, रेल्वेने काश्मीरला जाताना जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरलं. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचा जीव वाचवला.

१९४८ मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फाळणीनंतर ते विद्यापीठ टिकेल की नाही, अशी परिस्थिती होती. आठ वर्षं त्यांनी ते सांभाळलं. १९५७ ते १९६२ बिहारचे राज्यपाल, १९६२ ते १९६७ उपराष्ट्रपती आणि १३ मे १९६७ पासून राष्ट्रपती. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

पण शिक्षणाच्या बाबतीत ते समाधानी नव्हते. वर्ध्याची योजना देशभर सरकारी कागदावर पसरली आणि प्रत्यक्षात कोमेजली. शाळेत टकळ्या आल्या, पण त्यामागचा विचार आला नाही. मूल सूत काढत होतं आणि गणित आधीसारखंच फळ्यावर होतं. प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नव्हते. हे पाहून त्यांनी जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. आपल्याच कल्पनेच्या अपयशाबद्दल सरकारच्या भीडेखातर ते गप्प बसले नाहीत.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. त्यांची कबर राजघाटाच्या आसपास नाही. ती जामियाच्या आवारात आहे, जिथे रोज मुलं शिकायला येतात.

आपल्यासाठी यात काय आहे?

आपल्या वस्त्यांमधल्या शाळांमध्ये वर्गात तीसपेक्षा कितीतरी जास्त मुलं असतात. शाळा सुटल्यावर तीच मुलं मकतबला जातात, म्हणजे पुन्हा दीड-दोन तास बसणं. घर एका खोलीचं, खेळायला मैदान नाही. असं मूल वर्गात हललं, तर त्यात नवल काय? पण त्याला मस्तीखोर हा शिक्का बसतो. पालकांना बोलावलं जातं, घरी मार पडतो, आणि शाळा म्हणजे मार हे समीकरण त्याच्या डोक्यात बसतं. पाचवी-सहावीनंतर तो गॅरेजवर दिसतो. गंमत म्हणजे तिथे तोच मुलगा तासन्‌तास एका इंजिनवर वाकून काम करतो, एका जागी. तेव्हा कुणी म्हणत नाही की त्याचं लक्ष लागत नाही.

प्यारे नबी (स.) सजद्यात असताना नातू पाठीवर चढला, तर त्याचं खेळणं होईपर्यंत त्यांनी सजदा लांबवला, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. नमाजात मुलाला इतकी सवलत, आणि पहाड्याच्या तासाला काठी, हे कुठे बसतं?

छात्राध्यापक म्हणून जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना एकदम सगळी शाळा बदलता येणार नाही. पण पहिल्या आठवड्यात एवढं करता येईल. एका पाठात मुलांच्या हाताला काम द्या. वर्गातल्या खिडक्या, बाकं, वह्या मोजायला लावा, बियांचे ढीग करून गुणाकार काढायला लावा, वर्गाचं छोटं दुकान मांडा. काम काय, ते मुलांना आधी सांगा. कसं करायचं ते त्यांना ठरवू द्या. शेवटची पाच मिनिटं चुका शोधायला त्यांनाच द्या. पहिल्या दिवशी गोंधळ होईल. दुसऱ्या दिवशी थोडा कमी होईल.

आणि पालकांसाठी एक विनंती. पोरगं वर्गात गप्प बसत नाही अशी तक्रार आली, तर हात उगारण्याआधी तीन गोष्टी विचारा. वर्गात मुलं किती आहेत? दिवसभरात त्याला हाताने करायचं काम किती मिळतं? आणि तो नेमका कोणत्या तासाला दंगा करतो, कोणत्या तासाला करत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर त्या शांत तासाच्या शिक्षकांना जाऊन भेटा आणि ते काय वेगळं करतात ते विचारून या.